दोन पाट्या

दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे निवृत्त शिक्षकाची वार्षिक परीक्षाच असते. वर्षभर जपून ठेवलेल्या त्याच्या कागदांवर त्या आठ दिवसांत मोठे संकट येते. यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरली. तिच्यातून निरोपसमारंभांचे फोटो निघाले, कसल्याशा शिबिराची प्रमाणपत्रे निघाली, स्नेहसंमेलनाच्या नाटकाची हस्तलिखिते निघाली. आणि अगदी तळाशी, चार घड्या घातलेले, पिवळे पडलेले एक पत्रक निघाले. सौभाग्यवतींनी ते दोन बोटांत धरून विचारले, "अहो, हे ठेवायचं की टाकायचं?"

मी ते उलगडून वाचले, आणि उत्तर न देता खिशात घातले.

ते पत्रक मीच लिहिलेले होते. तालुक्याच्या गावी ज्या शाळेत मी तीस वर्षे मराठी शिकवले, तिचे ते प्रवेशाचे पत्रक. भाषा बरी होती. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. 'उज्ज्वल' हा शब्द दोन ठिकाणी आला होता आणि दोन्ही ठिकाणी बरोबर लिहिला होता. छापखान्यात हे सहसा घडत नाही. वरच्या बाजूला चौकटीत, ठळक अक्षरांत छापले होते : 'दहावीचा निकाल शंभर टक्के!' हे वाक्य अक्षरशः खरे होते. बोर्डाच्या निकालपत्रकाचा त्याला आधार होता. आणि तरीही इतक्या वर्षांनी ते वाचताना माझी मान खाली गेली.

खोटे बोलल्याची लाज वाटते, हे आपण समजू शकतो. खरे बोलल्याची लाज का वाटावी? तो सारा प्रकार पुढे सांगणारच आहे. पण त्या पत्रकाने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला तो माझ्या एकट्याचा नाही. शाळेने आपल्याविषयी लोकांना काय सांगावे, आणि कशाच्या बळावर सांगावे, हा तो प्रश्न. ज्यांची मुले शाळेत जातात, त्या सर्वांचाच तो आहे.

आपल्याकडे या बाबतीत दोन मते फार पूर्वीपासून आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आपली स्तुती आपणच करणाऱ्याला आणि वाडवडिलांची कीर्ती सांगत बसणाऱ्याला पहिल्याच पंगतीत बसवले आहे. कोणत्याही संस्थेचे माहितीपत्रक उघडून पाहावे. पहिल्या पानावर स्तुती असते आणि दुसऱ्या पानावर वाडवडिलांची कीर्ती. तिला 'गौरवशाली परंपरा' म्हणतात. समर्थांच्या कसोटीला उतरेल असे माहितीपत्रक मी तरी पाहिलेले नाही. दुसरे मत बाजारातले. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, असे ते मत सांगते. शाळा चालवणारा माणूस भाषणात समर्थांच्या बाजूचा असतो आणि जून महिना जवळ आला की बाजाराच्या बाजूचा होतो.

बाजाराच्या मताला नुसती नाके मुरडणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. शाळेने गप्प बसावे, काम बोलेल, असे म्हणणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. शाळा गप्प बसली म्हणून लोक गप्प बसत नाहीत. शाळेविषयी कोणी ना कोणी बोलतच असतो; आणि जिथे शाळा बोलत नाही, तिथे अफवा बोलते.

महाराष्ट्रातल्या मुलींच्या शिक्षणाचा आरंभच याची साक्ष देतो. १८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्या शाळेने स्वतःविषयी काही सांगण्यापूर्वीच गावाने तिच्याविषयी सारे काही ठरवून टाकले होते. शिकलेली बाई विधवा होते, शिकलेली मुलगी घर बुडवते, अशी ती मते. सावित्रीबाई शाळेत जात तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल पडे. आज ज्याला आपण लोकमत म्हणतो, त्याचे हे रूप आहे. ते दर वेळी वर्तमानपत्रातूनच प्रकट होते असे नाही.

या लोकमताला फुले दांपत्याने उत्तर काय दिले? पुढच्या काही वर्षांत त्यांच्या शाळांतील मुलींच्या परीक्षा पुण्यात जाहीरपणे होऊ लागल्या. गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनी, सरकारी अंमलदारांनी आणि सामान्य बघ्यांनीही यावे, मुलींना वाचताना पाहावे, हिशेब करताना पाहावे, हवे तर प्रश्न विचारावेत. मला वाटते, शाळेच्या प्रसिद्धीचा इतका स्वच्छ प्रकार दुसरा नाही. त्यात शाळा स्वतःविषयी एक अक्षर बोलत नाही. ती फक्त दार उघडते. ज्याला पाहायचे त्याने पाहावे. जी मुलगी अडखळेल ती सर्वांसमोर अडखळेल, आणि जी धडाधडा वाचील तीही सर्वांसमोर वाचील. झाकण्याची सोयच नाही. म्हणूनच जे दिसते त्यावर विश्वास बसतो.

पण दार उघडे असले म्हणजे सारे मिटले असेही नाही. यापेक्षा अवघड असा एक प्रसंग आहे, आणि तो मला नेहमी विचारात पाडतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. उच्चवर्णीय घरांतल्या बालविधवांना शिक्षण द्यावे, हा हेतू. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. पैसा अमेरिकेतून येत होता. तेव्हा सदनात धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, प्रत्येकीला आपला धर्म पाळता येईल, असे आश्वासन आरंभीच देण्यात आले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून उभी राहिली ती या आश्वासनाच्या आधारावर. पुढे काही मुली रमाबाईंच्या खोलीत, त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी जाऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणालाही बोलावत नाही. पण माझ्या खोलीचे दार मी लावून घेणार नाही, आणि जी आपण होऊन येते तिला हाकलणारही नाही. पुण्यातल्या पालकांचे म्हणणे असे की, शब्द दिला होता तो हा नव्हे. 'केसरी'तून टीकेची झोड उठली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या.

या वादात कोण बरोबर होते, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. रमाबाई खोटे बोलल्या असे मला वाटत नाही. पण आश्वासन एक होते आणि ते दोन ठिकाणी दोन अर्थांनी ऐकले गेले होते. देणाऱ्याच्या मनात होते, 'मी शिकवणार नाही'. ऐकणाऱ्याच्या मनात उतरले, 'मुलीवर छाया पडणार नाही'. या दोन वाक्यांत जे अंतर होते, त्या अंतरात सदनाचा नावलौकिक कोसळला. संस्थेने शब्द देताना, तो शब्द आपल्या तोंडून कसा निघतो एवढेच पाहून भागत नाही. जी आई तो ऐकते आहे तिच्या घरी तो कोणत्या अर्थाने पोहोचेल, हेही पाहावे लागते. रमाबाईंनी पुढे केडगावला 'मुक्ती'चे काम उभारले ते ख्रिस्ती संस्था म्हणून, उघडपणे. तिथे येणाऱ्याला आपण कोठे येतो आहोत याविषयी शंका राहिली नाही. तो मार्ग कोणाला पटो वा न पटो. पण त्यात पाटी एक आणि आत दुसरे, असे म्हणायला जागा उरली नाही.

याच शारदासदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होत्या गोदूबाई. १८९३ साली, म्हणजे वादाच्या ऐन वर्षी, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्या पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला तो या साऱ्या धुरळ्यातून जाऊनच. विधवाविवाह केलेला माणूस विधवांसाठी आश्रम काढतो, यावर लोक काय म्हणतील हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९०० साली आश्रम हिंगण्याला गेला, आणि हिंगण्याहून पुण्यापर्यंतची वाट तुडवत हा प्राध्यापक रोज जाऊ-येऊ लागला. वर्गणीसाठी दारोदार फिरणे हे त्यांचे आयुष्यभराचे व्रत होऊन बसले. १९१६ साली महिला विद्यापीठ निघाले. त्या विद्यापीठाची ओळख करून द्यायला आणि त्यासाठी मदत मागायला ते १९२९ ते १९३२ या काळात युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिका फिरून आले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते. ज्याला आज प्रसिद्धी म्हणतात ती अण्णासाहेबांनी आयुष्यभर केली. पण त्यांच्याविषयी तो शब्द वापरावा असे कोणाच्या मनातही येत नाही. याचे कारण शोधले पाहिजे.

ते शोधताना मला नावाचा प्रश्न आठवतो. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. कर्व्यांनी नाव दिले आणि देणगी घेतली. दुसरीकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची गोष्ट साताऱ्याकडे अजून सांगतात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणारे वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. पुढे एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली. अट एवढीच, की वसतिगृहाला त्याचे नाव द्यावे. भाऊरावांनी सांगितले की, एकवेळ बापाचे नाव बदलीन, पण हे नाव बदलणार नाही. हे कोण म्हणत होते? ज्याच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडले होते, तो माणूस.

एकाने नाव दिले, एकाने नाकारले. मग चुकले कोण? माझ्या मते दोघांचेही बरोबर होते. महिला विद्यापीठाच्या नावात नाथीबाई आल्या म्हणून कोणत्याही मुलीला दिलेला शब्द मोडला नाही. उलट तो पाळायला बळ मिळाले. पण साताऱ्याच्या वसतिगृहावरचे शाहूंचे नाव ही शोभेची पाटी नव्हती. कोल्हापुरात जातिजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची दारे उघडणाऱ्या राजाचे ते नाव होते. त्या दारातून आत येणाऱ्या पोराला ते सांगत होते, 'तू कोणाचा आहेस हे इथे विचारले जाणार नाही.' ते नाव विकणे म्हणजे त्या पोराला दिलेला शब्द विकणे. तेव्हा नावाची किंमत पैशात होते की नाही, हा खरा प्रश्नच नव्हे. त्या नावाने कोणाला काय कबूल केले आहे, आणि ती कबुली शाबूत राहते की नाही, हे पाहायचे असते. शाळेचे नाव हे तिचे भूषण नसते. ते तिच्यावरचे कर्ज असते.

आता आजच्या गावात या. आमच्या तालुक्यात सध्या दोन 'इंटरनॅशनल' शाळा आहेत. त्यांतला सर्वांत लांबचा विद्यार्थी शेजारच्या तालुक्यातून येतो. मी थट्टा करतो खरी. पण पोराचे बरे व्हावे म्हणून ऊस विकून फी भरणाऱ्या बापाला त्या शब्दाने काहीतरी कबूल केलेले असते, आणि ते काय, हे त्यालाही सांगता येत नाही आणि शाळेलाही. मोठ्या संस्थांची कथा निराळी नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १२३ अभिमत संस्थांना आपल्या नावातून 'युनिव्हर्सिटी' हा शब्द काढायला सांगितले. ज्यांनी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवायचे, त्यांना एका शब्दाचा अर्थ न्यायालयाने शिकवावा लागला. स्पर्धा परीक्षांच्या क्लासांच्या फलकांवर तर एकच यशस्वी मुलगा चार ठिकाणी हसताना दिसतो. चौघांचाही दावा, की हा आमचा. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला क्लासांच्या जाहिरातींसाठी नियम काढावे लागले : यशस्वी विद्यार्थ्याचे नाव आणि फोटो वापरायचा तर निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्या, आणि त्याने तुमच्याकडे कोणता अभ्यासक्रम किती काळ केला हेही सांगा.

नियम चांगले आहेत. पण नियम खोट्याला पकडतो आणि झाकलेल्यालाही कधीकधी पकडतो; माझ्या पत्रकाला मात्र कोणत्याच नियमाने पकडले नसते. आता ती गोष्ट सांगतो.

त्या वर्षी आमच्या शाळेतून दहावीला ४१ मुले बसली आणि ४१ उत्तीर्ण झाली. आदल्या वर्षी नववीत मात्र ४७ मुले होती. उरलेली सहा कोठे गेली, हे निकालपत्रक सांगत नाही. ती कच्ची होती. नववीच्या निकालानंतर त्यांच्या पालकांना बोलावण्यात आले. मुलगा इथे बसला तर नापास होईल, वर्ष वाया जाईल. त्यापेक्षा दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, असे त्यांना समजावण्यात आले. ज्यांना हा फॉर्म ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : शाळेत न जाता खाजगीरीत्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी तो असतो. ज्याची शाळा काही कारणाने सुटली, त्याला पुन्हा उभे राहता यावे म्हणून ही सोय केलेली; आणि आम्ही ती शाळेत असलेल्या मुलाला बाहेर काढण्यासाठी वापरली. अशा मुलाचा निकाल शाळेच्या निकालात धरला जात नाही. पालक भाबडे होते. त्यांनी हात जोडले आणि आभार मानले.

मी त्या बैठकीत नव्हतो. पण मला ठाऊक होते. मे महिन्यात मुख्याध्यापकांनी पत्रक लिहायला सांगितले तेव्हा मी पेन उचलले, आणि 'शंभर टक्के' या शब्दांपुढे उद्गारचिन्ह मी स्वतः घातले.

पाचसहा वर्षांपूर्वी आमच्या घराच्या गॅलरीला ग्रिल बसवायचे होते. फॅब्रिकेशनचे काम करणारा एक मनुष्य माप घ्यायला आला. माझा आवाज ऐकून त्याने मान वर केली आणि पाया पडला. "सर, ओळखलंत का?" मी नेहमीप्रमाणे ओळखल्यासारखे केले. त्याने वर्ष सांगितले तेव्हा मी मास्तरी उत्साहाने म्हणालो, "अरे वा! म्हणजे आपल्या शंभर टक्क्यांच्या बॅचचा!" टेप गुंडाळत तो हसून म्हणाला, "त्या शंभरात मी नव्हतो, सर. मी सतरा नंबरवाला."

त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. काम करताना तो आपण होऊन बोलत होता. दाखला काढल्यावरही तो रोज शाळेवरूनच जायचा. बसस्टँडजवळच्या वर्कशॉपमध्ये हाताखाली काम करायला लागला होता. जूनमध्ये शाळेच्या फाटकावर तो मोठा फलक लागला. "मी रोज वाचायचो, सर. वाटायचं, सगळे पास म्हणजे आपण कोणीच नव्हतो का?" मग तो ड्रिल चालवू लागला, आणि पुढचे बोलणे त्या आवाजात बुडाले.

तेव्हापासून एक विचार माझ्या मनातून जात नाही. साबणाची जाहिरात साबण वाचत नाही. तेलाच्या डब्याला आपल्यावर काय लिहिले आहे याची फिकीर नसते. शाळेचे तसे नाही. शाळेची जाहिरात सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा कोण वाचते? तिच्यातली मुले. रोज सकाळी फाटकातून आत येताना आणि संध्याकाळी बाहेर जाताना. लहानपणी आपल्या हातात एक पाटी असे, आणि शाळेच्या दारावर दुसरी असते. हातातल्या पाटीवर चुकले तर पुसता येते. मास्तरही कान धरून पुसायला लावतात. दारावरच्या पाटीवर काय लिहिले आहे ते कोणी पुसायला लावत नाही. आणि मूल मात्र दोन्ही पाट्या वाचायला शिकत असते. वर्गात आम्ही त्याला सांगतो की, अर्धे सत्य हे असत्यच. फाटकावर ते वाचते की, अर्धे सत्य फ्लेक्सवर छापतात. यांतला कोणता धडा त्याच्या लक्षात राहत असेल?

माझे हे म्हणणे काही शिक्षकमित्रांना मी ऐकवले, तेव्हा त्यांतला एक जण चिडला. त्याचे चिडणे खोटे नव्हते. तो म्हणाला, "तुम्ही निवृत्त झालात, तुम्हाला काय जातंय? पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो. मे महिन्याच्या उन्हात आम्ही मुलं मागत दारोदार फिरतो. समोरच्या शाळेचा फलक वीस फुटी आहे. आम्ही काय लिहायचं, आमची काही मुलं नापास झाली म्हणून?"

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. पोटाच्या प्रश्नाला नीतीचे वाक्य हे उत्तर नव्हे. आज मराठी शाळांच्या कितीतरी शिक्षकांची हीच अवस्था आहे, आणि त्यांना 'काम करा, प्रसिद्धीच्या मागे लागू नका' असा उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देणे. त्यांनी बोललेच पाहिजे. अण्णासाहेब बोलले, जग फिरून बोलले. पण त्यांच्या बोलण्याला प्रसिद्धीचा वास का येत नाही, याचे कारण मला आता समजते. ते जे बाहेर सांगत होते, ते हिंगण्याच्या आश्रमात बसलेल्या मुलीसमोर जसेच्या तसे म्हणता आले असते. तिला त्यात आपली ओळख पटली असती.

म्हणून मला एकच कसोटी सुचते, आणि ती कोणत्याही संस्थेला, मोठ्या विद्यापीठालाही, लावून पाहता येईल. शाळेने आपले पत्रक छापायला पाठवण्यापूर्वी ते आपल्याच वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ऐकू गेले पाहिजे. वाचताना ज्या वाक्याशी मुले एकमेकांकडे पाहून हसतील, ते वाक्य काढून टाकावे. ज्या वाक्याशी एखादे मूल मान खाली घालील, ते तर लिहिणाऱ्याचा हात धरून काढून टाकावे. जे उरेल ते खुशाल वीस फुटी फलकावर लावावे. त्याला दासबोधाचाही दोष लागणार नाही, कारण ती स्तुती नसेल, तो हिशेब असेल.

आणि असे उरणारे थोडे असते, असे कोणी समजू नये. त्या वर्षी आम्हाला काय लिहिता आले असते, याचा मी परवा रात्री विचार करीत बसलो. ४७ मुले नववीत होती. ४७ दहावीला बसली. इतकी उत्तीर्ण झाली. जी राहिली त्यांच्यासाठी संध्याकाळी सहा ते आठ वर्ग चालू आहे, पालकांनी येऊन पाहावे. एवढेच. कदाचित त्या जूनमध्ये आमचा पट थोडा कमी भरला असता. किंवा कदाचित ज्या बापाला आपले पोर कच्चे आहे हे ठाऊक असते, तो म्हणाला असता, 'ही शाळा पोराला टाकून देत नाही, इथेच घालू.' अशा बापांची संख्या गावात कमी नसते. पण आम्ही त्यांना कधी विचारलेच नाही.

परवा सौभाग्यवतींनी पुन्हा विचारले, "त्या कागदाचं काय करायचं ठरलं?" मी म्हटले, "ठेवायचा." त्या म्हणाल्या, "मग नीट तरी ठेवा." मी पत्रक टेबलावर सपाट पसरले. 'शंभर टक्के' या शब्दांपुढचे उद्गारचिन्ह पेन्सिलीने खोडले, आणि त्याखाली बारीक अक्षरांत लिहिले : 'आणि सहा'. मग ते ट्रंकेत तळाशी न ठेवता सर्वांत वर ठेवले. पुढच्या दिवाळीला ट्रंक उघडली, की पहिल्यांदा तेच हाताला लागावे.